‘मी मेलो’ ते ‘तो मेला’

नव्वदच्या दशकात मे महिन्याची सुटी लागली, की माझा एक मावसभाऊ आमच्या घरी राहावयास येई, आणि येताना कपड्यांच्या पिशवीपेक्षाही अधिक काळजीने एक पुठ्ठ्याचे खोके सांभाळून आणी. त्या खोक्यात दूरचित्रवाणीच्या संचाला जोडावयाचे खेळयंत्र असे, तारांनी बांधलेले दोन रिमोट असत आणि एक पिवळी कॅसेट असे, जिच्यावर शेकडो खेळांचा आकडा छापलेला असला, तरी जिच्यात तेच पाचसहा खेळ फिरूनफिरून येत. दुपारी घर निजानीज झाले, की तो पडद्यापुढे मांडी घालून बसे, आणि पडद्यावरचा तांबड्या टोपीचा, मिशाळ, ठेंगू माणूस धावताधावता खड्ड्यात कोसळला, की कपाळावर हात मारून मोठ्याने म्हणे, “मेलो!” स्वयंपाकघरात सुपारी कातरीत बसलेली माझी आई त्या शब्दाने दचके आणि “असं अभद्र बोलू नये रे” म्हणून त्याला दटावी. पण तो तरी दुसरे काय म्हणणार? ‘मारिओ मेला’ असे त्याच्या तोंडून एकदाही निघाले नाही. त्याच्याच नव्हे, तर तो खेळ खेळणाऱ्या कोणत्याही मुलाच्या तोंडून मी ते कधी ऐकलेले नाही असे म्हणण्यास हरकत नाही. पडद्यावर पडणारा तो असे आणि मरणारा मी असे, हा व्याकरणाचा चमत्कार आमच्या घरी रोज दुपारी घडत होता, आणि त्याचे मर्म कळावयास मला पुढे पुष्कळ वर्षे लागली.

व्हिडिओ गेमवरून चित्रपट काढणे म्हणजे, माझ्या मते, या प्रथमपुरुषी क्रियापदाचे तृतीयपुरुषी रूप करणे होय. जो अनुभव ‘मी धावलो, मी चुकलो, मी मेलो, मी पुन्हा उठलो’ अशा भाषेत खेळणाऱ्याच्या मनात साठलेला असतो, तो ‘तो धावला, तो चुकला’ अशा भाषेत सांगावयाचा, आणि तरीही मूळचा कढ निवू द्यावयाचा नाही, हे ते बिकट काम. गेल्या तीस-बत्तीस वर्षांत असे चित्रपट डझनांनी निघाले आणि जवळजवळ प्रत्येकाविरुद्ध खेळाडूंची एकच फिर्याद दाखल झाली, की हे आमच्या खेळातले नाही. पात्रे बदलली, स्थळे बदलली, कथानक मोडले. ही फिर्याद उथळ आहे असे मी मानीत नाही. एखाद्या खेळाशी ज्याने शंभर शंभर तास सहवास केला, त्याला त्या जगाच्या वाटा-वळणांविषयी वाटणारी माया ही आपल्या वाडीच्या पाणंदीविषयी वाटणाऱ्या मायेच्याच जातीची असते. परंतु ती फिर्याद बहुधा चुकीच्या कलमाखाली नोंदविली जाते. कथानकातील फेरफार हा गुन्हा ठरवावा, तर जगातील अर्धे श्रेष्ठ वाङ्मय आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागेल.

महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही भर सभेत नाकारतो, आणि आकाशवाणी झाल्यावर लोकनिंदेच्या भयाने आपण तसे केले अशी कैफियत देतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि हरवलेली मुद्रिका या दोन गोष्टी पदरच्या घालून त्या राजाचे सारे चारित्र्यच पालटून टाकले. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त तर स्पष्टच सांगून ठेवले, की परंपरेने आलेल्या कथेत रसाला प्रतिकूल असे काही असेल, तर ते टाकून देऊन रसाला अनुकूल अशी नवी योजना करण्याची कवीला मोकळीक आहे. आमच्या रंगभूमीवर गोविंद बल्लाळ देवलांनी ऑथेल्लोचा झुंजारराव केला, तेव्हा व्हेनिस गेले, नावे गेली, पोशाख गेला. संशयाचा तो भयंकर डंख मात्र जिथल्या तिथे राहिला. तेव्हा कथेत काय बदलले हे मोजण्याआधी रस कोठे होता हे पाहिले पाहिजे. आणि खेळाचा रस पुष्कळदा कथेत नसतोच, तो हाताच्या बोटांत असतो.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळाचेच पाहा. क्योटो येथील निन्टेंडो या कंपनीने, जिचा मूळ धंदा १८८९ सालापासून हानाफुदा नावाचे पत्ते बनविण्याचा, १९८५ मध्ये तो बाजारात आणला, आणि त्याचा कर्ता शिगेरू मियामोतो. नायकाला टोपी का, तर त्या काळच्या मोजक्या ठिपक्यांत केस काढता येत नसत. मिशी का, तर ओठ दाखविता येत नसत. साधनांच्या दारिद्र्यातून जन्मलेला हा चेहरा जगातील कोणत्याही नटाच्या चेहऱ्याइतका ओळखीचा झाला. कथा म्हणावी तर एका ओळीची: राजकन्या पळवून नेली आहे, तिला सोडवून आणा. परंतु पहिल्याच टप्प्याची रचना किती विचाराची आहे! डावीकडे मारिओ उभा, उजवीकडे सारे रिकामे, म्हणून बोट आपोआप उजवे बटण दाबते; समोरून एक रागीट तोंडाचा ठेंगणा प्राणी येतो, त्याला टाळण्यासाठी उडी मारताना वरची वीट डोक्याला लागते; विटेतून अळिंबे बाहेर पडते, ते पुढच्या नळावर आपटून परत आपल्याच अंगावर येते, आणि त्याच्या स्पर्शाने आपण मोठे होतो. एक अक्षर न वाचता मुलाला कळते, की हे जग कशाने मारते आणि कशाने वाढविते. या खेळाचा स्थायीभाव आनंद आहे, आणि तो आनंद उडीचा आहे. बटण किती वेळ दाबले त्यावर ती किती उंच जाणार हे ठरते, आणि हवेत असतानाही तिला थोडी दिशा देता येते, म्हणून ती उडी यंत्राची न वाटता आपल्या पोटरीची वाटते.

१९९३ च्या मे महिन्यात याच खेळावरून हॉलिवूडचा पहिला मोठा चित्रपट पडद्यावर आला. निर्माता साधा नव्हता; ‘द किलिंग फील्ड्स’ आणि ‘द मिशन’ यांसारखे गंभीर चित्रपट दिग्दर्शित करणारे रोलँड जॉफे यांनी त्याचे हक्क मिळविले होते. दिग्दर्शनाचे काम रॉकी मॉर्टन आणि ॲनाबेल जँकल या जोडीकडे होते, आणि नटांमध्ये बॉब हॉस्किन्स, जॉन लेग्विझामो, डेनिस हॉपर अशी नावे होती. त्यांनी तजवीज केली ती अशी, की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर अशनी आदळला तेव्हा डायनासोर नष्ट न होता एका समांतर विश्वात गेले, तेथे त्यांचीच उत्क्रांती होऊन मनुष्याकृती जमात झाली, आणि तिची राजधानी म्हणजे डायनोहॅटन नावाचे एक काळोखी, गंजके, बुरशीच्या तंतूंनी लडबडलेले शहर. नॉर्थ कॅरोलायनातील एका बंद पडलेल्या सिमेंट कारखान्यात ते शहर उभारले होते. चित्रीकरण चालू असतानाच संहितेची पाने पुन्हा पुन्हा बदलली जात होती. निळ्या आकाशाखालच्या हिरव्या टेकड्या गेल्या. रागीट ठेंगण्या प्राण्यांच्या जागी प्रचंड धडाचे आणि चिमुकल्या डोक्याचे सरपट-मानव आले. चार कोटी डॉलरांहून अधिक खर्च झालेल्या त्या चित्रपटाने अमेरिकेत जेमतेम दोन कोटी दहा लाख डॉलर वसूल केले, आणि हॉस्किन्स यांनी पुढे २००७ साली हे आपल्या आयुष्यातील सर्वांत वाईट काम होते असे उघडपणे सांगितले.

या चित्रपटाची निंदा करणारे लोक डायनासोर आणि काळोख यांकडे बोट दाखवितात. मला मात्र त्यातील एका लहानशा वस्तूचे अधिक वाईट वाटते. या चित्रपटातला मारिओ स्वतः उडी मारीत नाही. त्याला उंच उडविणारे यांत्रिक बूट दिलेले आहेत. समांतर विश्वे कल्पिणाऱ्या त्या बुद्धिमान माणसांना ही एक गोष्ट कोणी सांगितली नाही, की लक्षावधी मुलांनी आपल्या अंगठ्याने कमावलेली ती उडी बुटाच्या नावावर चढविली, तर त्या मुलांचे त्या कथेत काहीच उरत नाही. डायनासोर राहिले असते, काळोख राहिला असता, आणि उडी मारिओची असती, तर कदाचित त्या चित्रपटाची आठवण आज वेगळ्या स्वराने निघाली असती. निन्टेंडोने यानंतर तब्बल तीस वर्षे मारिओला चित्रपटगृहाच्या पडद्यावर येऊ दिले नाही. २०२३ मध्ये आला तो ॲनिमेशनपट, आणि त्याच्या निर्मात्यांत खुद्द मियामोतो होते. त्यात राजकन्येने रचलेल्या अडथळ्यांच्या मार्गावर मारिओ सराव करतो असा एक प्रसंग आहे. तो पडतो, पुन्हा आरंभापासून धावतो, पुन्हा पडतो. माझ्या मावसभावाच्या मे महिन्यातील दुपारी नेमक्या अशाच असत. त्या चित्रपटाने जगभरात १३० कोटी डॉलरांच्या वर उत्पन्न मिळविले. त्याचे कथानक फार खोल आहे असे मी म्हणणार नाही, परंतु पडून पुन्हा धावण्याचा तो हट्ट त्याने जपला.

आनंदाचे जसे, तसेच भयाचे. कॅपकॉम कंपनीचा ‘रेसिडेंट ईव्हिल’ हा खेळ, जो जपानात ‘बायोहॅझर्ड’ या नावाने ओळखला जातो, १९९६ साली आला. एका जुन्या, ओसाड वाड्यात अडकलेल्या दोन पोलिसांपैकी एकाची भूमिका आपण घ्यावयाची. एकाला जवळ सहा वस्तू बाळगता येतात, दुसरीला आठ. गोळ्या मोजक्या, औषधी वनस्पती मोजक्या, आणि आतापर्यंतची प्रगती नोंदवून ठेवावयाची तर वाड्यात इतस्ततः ठेवलेल्या टंकलेखन यंत्रांवरच ती नोंदवावी लागते. त्यासाठी लागणारी शाईची फीतसुद्धा मोजकीच. हा खेळ भुतांपेक्षा जमाखर्चाने घाबरवितो. समोरून प्रेत चालत येत असताना खेळाडू हिशेब करीत असतो, की याला गोळी खर्चावी की अंग चोरून निसटावे, कारण आज खर्चलेली गोळी उद्याच्या दाराआड नसणार. पॉल अँडरसन यांनी २००२ साली केलेल्या चित्रपटात नायिका आली ती ॲलिस नावाची, मूळ खेळात कोठेही नसलेली. आणि पुढच्या भागांत तर तिला अमानवी सामर्थ्यच प्राप्त झाले. जॉर्ज रोमेरो यांनी, ज्यांच्या प्रेतपटांवरूनच या खेळाला प्रेरणा मिळाली होती, मूळ वाडा आणि मूळ पात्रे राखणारी एक संहिता लिहिली होती. ती नाकारण्यात आली. सहा चित्रपटांच्या त्या मालिकेने १२० कोटी डॉलरांहून अधिक मिळविले, तेव्हा ती अयशस्वी होती असे कोणी म्हणू नये. परंतु जिच्या गोळ्या संपत नाहीत आणि संपल्या तरी जिचे काही अडत नाही, अशा नायिकेच्या जगात त्या मूळ भयाला पाऊल टाकण्यास जागाच राहिली नाही. २०२१ मध्ये याच खेळाचा दुसरा चित्रपट निघाला आणि त्यात वाडा, पोलीस ठाणे, पात्रांची नावे असे सारे बरहुकूम ठेवले. तोही प्रेक्षकांच्या मनात घर करू शकला नाही. स्थळांची आणि नावांची वहिवाट चालू ठेवली, म्हणजे भयाचीही मालकी मिळते असे नाही.

निष्ठा आणि विचलन यांचा सर्वांत चटका लावणारा गुंता मला आढळला तो ‘सायलेंट हिल’मध्ये, आणि त्यावर थोडे सविस्तर लिहिल्यावाचून मला राहवत नाही. कोनामी कंपनीच्या १९९९ च्या पहिल्या खेळात एक बाप, हॅरी मेसन, धुक्याने भरलेल्या गावात आपली हरवलेली मुलगी शोधतो. ते धुके मुळात यंत्राच्या दुर्बळपणामुळे आले. दूरची घरे आणि रस्ते एका वेळी रेखाटण्याची त्याची ताकद नव्हती, म्हणून ती धुक्यात बुडविली गेली, आणि मारिओच्या मिशीसारखेच तेही पुढे त्या कलाकृतीचे मुख झाले. २००१ च्या दुसऱ्या खेळात जेम्स संडरलंड नावाचा माणूस याच गावात येतो, कारण तीन वर्षांपूर्वी वारलेल्या आपल्या पत्नीचे पत्र त्याला आलेले असते. त्याच्या मागावर एक आकृती फिरते: लोखंडी त्रिकोणी शिरस्त्राणाखाली चेहरा दडलेला, हातात फरपटत आणलेला अवजड सुरा. ती कोण, कशासाठी आली, हे शेवटाकडे उलगडते. आजारी पत्नीच्या तोंडावर उशी दाबून तिला जेम्सनेच मारलेले आहे. आपल्याला कोणीतरी शिक्षा द्यावी अशी जी त्याच्या अंतर्यामाची इच्छा, तिनेच हा दंडधारी निर्माण केला आहे. जेम्सचा अपराध नाही, तर तो दंडधारीही नाही.

या खेळाची आणखी एक रचना मला अद्भुत वाटते. त्याचे शेवट अनेक आहेत, आणि त्यांतला कोणता मिळणार हे खेळाडूला न विचारता त्याच्या वागण्यावरून ठरते. जखमा झाल्या असताना त्याने उपचार न करता तसेच हिंडणे पसंत केले, आत्महत्येच्या विचारात असलेल्या एका मुलीकडून मिळालेली सुरी तो पुन्हा पुन्हा निरखीत राहिला, तर खेळ त्याची नोंद ठेवतो, आणि शेवटी जेम्स पाण्यात स्वतःला संपवितो. खेळाडूला वाटत असते, की आपण जेम्सला चालवीत आहोत. प्रत्यक्षात स्वतःच्या देहाविषयी आपण किती बेफिकीर आहोत, याचे दफ्तर तो खेळ मुकाट्याने ठेवीत असतो.

ख्रिस्तोफ गान्स या फ्रेंच दिग्दर्शकाचे या खेळांवर निस्सीम प्रेम होते, आणि त्यांच्या २००६ च्या चित्रपटात ते प्रत्येक चौकटीत दिसते. संगीत मूळ खेळाचेच, अकिरा यामाओका यांचे. रस्त्यांची वळणे आणि कॅमेऱ्याचे कोन खेळावरून घेतलेले. त्यांनी बापाच्या जागी आई आणली, कारण मुलीसाठी झुरणाऱ्या त्या पात्राची धडपड त्यांना आईची वाटली; आणि धुक्याबरोबर आकाशातून राख पाडली, जिच्यामागे पेनसिल्व्हेनियातील सेंट्रालिया या गावाची कल्पना होती, जेथे १९६२ पासून जमिनीखाली कोळशाची खाण जळते आहे आणि बहुतेक वस्ती उठून गेली आहे. हे दोन्ही बदल मूळ खेळात नव्हते, आणि दोन्ही मला उत्कृष्ट वाटतात; राखेने तर त्या गावाला असे काही रूप दिले, की ते खेळातल्या धुक्याशेजारी मानाने बसावे. पण त्याच चित्रपटात तो त्रिकोणी शिरस्त्राणाचा दंडधारीही आला, हुबेहूब, सुऱ्यासह. आणि जेम्स तर या कथेत नाही. ज्या अपराधाच्या पोटी तो जन्मला, तो अपराध येथे कोणी केलेलाच नाही. तेव्हा तो एका आईच्या मागे कोणत्या अधिकाराने लागला? शिक्षापत्रावर नाव नसताना जल्लाद दारात उभा राहावा तसा तो उभा राहतो, आणि त्याच्या दर्शनाने सुखावलेले चाहते टाळ्या वाजवितात. जेथे कथा उघडपणे बदलली तेथे चित्रपट खेळाच्या जवळ गेला, आणि जेथे त्याने रूप जसेच्या तसे उचलले तेथे तो दूर गेला, हे पाहून माझे मन फार वेळ अस्वस्थ होते.

रूप उचलण्याचा मोह काहींनी शब्दशः पुरविला आहे. उवे बोल या जर्मन दिग्दर्शकाने, ज्याच्या उद्योगाला त्या देशातील तत्कालीन करसवलतींचा आधार होता, २००३ साली ‘हाऊस ऑफ द डेड’ काढला, आणि त्यात मारामारीच्या मध्ये मूळ खेळातलीच दृश्ये कापून जोडली. त्याहून अधिक विचार करून केलेला प्रयोग २००५ च्या ‘डूम’मधला. १९९३ चा हा खेळ नायकाच्या डोळ्यांतून दिसतो. पडद्याच्या तळाशी बंदुकीची नळी आणि ती धरणारा हात. चित्रपटाने त्या खेळातला नरक काढून टाकून त्या जागी गुणसूत्रांची शास्त्रीय सबब आणली, याबद्दल चाहत्यांचा फार संताप झाला. पण भरपाई म्हणून सुमारे पाच मिनिटांचा एक प्रसंग खेळाप्रमाणेच नायकाच्या डोळ्यांतून चित्रित केला. नळी दिसते, दारे उघडतात, राक्षस झेपावतात. मी तो प्रसंग दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा मला दुसऱ्याच्या चष्म्यातून पाहिल्यासारखे झाले. कॅमेरा ‘मी’च्या जागी नेऊन ठेवला, तरी क्रियापद ‘तो’चेच राहते; कारण डावीकडे वळावे असे मला वाटले, तेव्हा तो उजवीकडे वळला होता.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या कर्त्याला मात्र हा प्रथमपुरुष उत्तम कळला होता. जॉर्डन मेकनर याने १९८९ चा मूळ खेळ केला तेव्हा आपल्या धाकट्या भावाला पळावयास, उड्या मारावयास लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक हालचाल रेखाटली. २००३ मधील ‘द सँड्स ऑफ टाइम’ या खेळात राजपुत्र स्वतःच आपली हकीकत सांगत असतो, आणि खेळाडूच्या चुकीने तो कड्यावरून कोसळला, की निवेदनाचा आवाज गडबडून म्हणतो, की नाही, नाही, असे घडले नव्हते, मी पुन्हा सांगतो. ‘मी मेलो’ आणि ‘मी सांगतो’ या दोन प्रथमपुरुषांची अशी गाठ मी अन्यत्र पाहिलेली नाही. शिवाय काळाची वाळू मोकळी सुटून सारे राज्य उद्ध्वस्त होते, ते वजिराच्या फसवणुकीने का होईना, पण राजपुत्राच्याच हातून. म्हणून पुढचा सारा प्रवास म्हणजे त्याचे प्रायश्चित्त असते. २०१० च्या चित्रपटाच्या कथेतही मेकनरचा हात होता, तरीही तेथे राजपुत्र निर्दोष केला गेला. त्याच्यावर पित्याच्या वधाचा खोटा आळ येतो, आणि खरा अपराधी काका निघतो. कालिदासाने दुष्यंताचा दोष शापाच्या माथी मारला, तसेच हे दिसते खरे. परंतु शाकुंतलात दोष हरपल्यावर त्या जागी विस्मरणाचे आणि पश्चात्तापाचे केवढे दुःख उभे राहते! येथे दोष काढून घेतल्यावर त्या जागी धावपळ उरली. काळ मागे नेणारा खंजीर, जो खेळात आपली प्रत्येक चूक पदरात घेऊन परत देत असे, तो चित्रपटात एक मौल्यवान चीजवस्तू झाला, जिच्यासाठी इतरांनी झुंजावे.

मूळ कर्ता जवळ असला म्हणजे आत्मा टिकतो, या समजुतीला हा एक अपवाद. दुसरा याहून मोठा. ‘फायनल फँटसी’ या खेळमालेचे जनक हिरोनोबू साकागुची यांनी २००१ साली स्वतःच तिचा चित्रपट दिग्दर्शित केला; नायिकेच्या डोक्यावरील साठ हजार केसांची हालचाल संगणकाने स्वतंत्रपणे दाखविली, १३ कोटी ७० लाख डॉलर खर्च केले, त्यांतले साडेआठ कोटी परत आले, आणि होनोलुलू येथील तो स्टुडिओ बंद झाला. त्या चित्रपटाचे नाव सोडले, तर खेळांशी त्याचे नाते शोधूनच काढावे लागे.

आता ज्या एका रूपांतराने माझ्या मनात घर केले त्याविषयी. ते चित्रपटाचे नसून मालिकेचे आहे, पण प्रश्न तोच आहे. ‘द लास्ट ऑफ अस’ हा खेळ २०१३ चा. एका बुरशीच्या संसर्गाने जग उद्ध्वस्त झाल्यावर जोएल हा मुलगी गमावलेला माणूस एली या पोरक्या मुलीला घेऊन अमेरिका ओलांडतो, कारण तिच्या शरीरात त्या रोगाचा प्रतिकार आहे. खेळाचे लेखक नील ड्रकमन आणि ‘चेर्नोबिल’चे लेखक क्रेग मेझिन यांनी २०२३ मध्ये त्याची मालिका केली. खेळात वाटेत बिल नावाचा एक तिरसट, एकाकी माणूस भेटतो. सापळे लावून त्याने एक अख्खे गाव अडविलेले असते. त्याचा साथीदार फ्रँक त्याला कंटाळून निघून गेलेला असतो, आणि त्याचे गळफास घेतलेले प्रेत व मागे ठेवलेली कडवट चिठ्ठी खेळाडूला सापडते. मालिकेच्या तिसऱ्या भागात याच दोघांचे वर्षानुवर्षांचे सहजीवन आहे: सापळ्यात पडलेला फ्रँक, त्याला वाढलेले पहिले जेवण, पियानो, बागेत लावलेल्या स्ट्रॉबेरी, भांडणे, आजारपण, आणि एका संध्याकाळी दोघांनी मिळून घेतलेला निरोप. याहून मोठे विचलन कोणते असू शकेल? तिरस्काराच्या जागी प्रेम आले. पण खेळाला हे करताच आले नसते. तेथे आपण जोएलच्या कातडीत असतो. जे जोएलने पाहिले नाही ते आपणही पाहू शकत नाही, म्हणून खेळाडूच्या वाट्याला प्रेत आणि चिठ्ठी येते, आणि आयुष्य येत नाही. मालिकेने बटणाला हात लावण्याची मुभा आपणाकडून काढून घेतली, आणि तिच्या बदल्यात जोएल नसलेल्या घरात जाण्याचा परवाना दिला. या तिसऱ्या पुरुषाचा एवढा मोठा लाभ याआधी कोणत्याही खेळाच्या रूपांतराने मला दिलेला नव्हता.

आणि मग तो शेवट. एलीच्या मेंदूतून औषध काढावयाचे, तर ती वाचणार नाही, हे कळल्यावर जोएल रुग्णालयात घुसतो. खेळात शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरल्यावर समोर डॉक्टर असतो, हातात लहानशी सुरी घेऊन आडवा उभा राहिलेला. खेळ कोणताही हुकूम सोडीत नाही. घड्याळ चालत नाही. पण डॉक्टरवर हात उचलल्यावाचून कथा एक पाऊल पुढे सरकत नाही. जगाची आशा आणि एक मुलगी यांमधली निवड जोएलने केलेली असते, आणि ती अमलात आणण्याचे काम आपल्या बोटावर सोपविलेले असते. मालिकेत याच प्रसंगी बंदुकांचे आवाज जवळजवळ मालवून टाकले आहेत. वर खिन्न संगीत चालू असते, जोएलचा चेहरा दगडासारखा, आणि माणसे एकामागून एक पडत जातात. जे बोटाने भोगावयाचे ते येथे कानाच्या बधिरतेने भोगविले आहे. दोन माध्यमांनी एकच वेदना आपापल्या इंद्रियाने सांगावी, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

माझा तो मावसभाऊ आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीत त्याच्या घरी मुक्कामाला असताना रात्री तो हा खेळ खेळत होता, आणि मी शेजारी बसून पाहत होतो. त्या खोलीशी आल्यावर त्याने दोन्ही अंगठे बटणांवरून उचलले आणि रिमोट मांडीवर ठेवला. पडद्यावर तो डॉक्टर तसाच सुरी धरून उभा होता. बराच वेळ गेला. मग माझ्याकडे न पाहता त्याने विचारले, “दादा, इथं दुसरं काही करता येत नाही का रे?” पुढे मालिकेचा तोच भाग आम्ही एकत्र पाहिला, त्याच खोलीत, त्याच संचावर. दार उघडले, गोळी सुटली, डॉक्टर पडला. मी त्याच्याकडे पाहिले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो निश्चल बसला होता, आणि त्या वेळी त्याने काही विचारले नाही.